महाकाव्य: मुखातून पोथीकडे

महाकाव्य म्हटले की जाडजूड ग्रंथ डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात जगातील बहुतेक प्राचीन महाकाव्ये आधी सांगितली आणि गायली गेली. लेखणी त्यांच्याकडे फार उशिरा वळली. एखादे युद्ध, हरण, वनवास किंवा राजकुळाचा नाश हा लोकांच्या आठवणीत घर करून बसतो. त्याभोवती गाणी जमतात, वंशावळी जोडल्या जातात, देव उतरतात, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या कथेकऱ्यांनी वाढवलेल्या या ऐवजाला शेवटी एखादा प्रतिभावंत एकसंध रूप देतो. व्यास, वाल्मीकी, होमर ही नावे अशा शेवटच्या टप्प्यावर उभी आहेत. मराठीत या प्रकाराला आर्ष महाकाव्य म्हणतात. एका कवीने ठरवून, बसून लिहिलेले ते विदग्ध महाकाव्य.

आर्ष महाकाव्य कसे घडले, याची साक्ष महाभारत स्वतःच देते. व्यासांनी रचलेली कथा वैशंपायन जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगतो. ती ऐकून आलेला उग्रश्रवा सौती पुढे नैमिषारण्यात शौनकादी ऋषींच्या बारा वर्षांच्या सत्रात ती पुन्हा सांगतो. म्हणजे आज हाती असलेला ग्रंथ हे सांगितलेल्याचे सांगणे आहे. सौती हा सूत. राजांच्या वंशावळी आणि पराक्रम मुखोद्गत ठेवणे हे सूतांचे वंशपरंपरागत काम. उपाख्याने वगळून भारत २४,००० श्लोकांचे होते, असे आदिपर्वातच म्हटले आहे. पुढे ते एक लाखाचे मानले गेले. प्रत्येक सत्रात, प्रत्येक तीर्थावर श्रोत्यांनी प्रश्न विचारायचा आणि कथेकऱ्याने उत्तरादाखल एक आख्यान जोडायचे, असा हा वाढीचा क्रम आहे.

एवढे लांबलचक काव्य तोंडपाठ कसे राहत असेल? उत्तर छंदात आहे. अनुष्टुभाच्या एका चरणात आठ अक्षरे. सम चरणाच्या शेवटच्या चार अक्षरांत पहिले लघू, दुसरे गुरू, तिसरे लघू असावे लागते, चौथ्याला मोकळीक. आता पांडवांची नावे पाहावीत. युधिष्ठिर, वृकोदर, धनंजय ही तिन्ही नावे या चार अक्षरांच्या साच्यात तंतोतंत बसतात. अर्धा चरण हवा तसा रचावा आणि तिघांपैकी ज्याचे काम असेल त्याचे नाव शेवटी ठेवून द्यावे. जागा कमी असेल तर धनंजयाऐवजी पार्थ, जास्त असेल तर श्वेतवाहन. वाचणाऱ्याला पुनरुक्ती वाटणारी विशेषणे आणि ठरीव चरण ही गाणाऱ्याची तयार सामग्री असते. ती तोंडात असली की पुढचा प्रसंग जुळवायला त्याला उसंत मिळते.

ग्रीक महाकाव्यांच्या बाबतीत हे तत्त्व मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने सिद्ध केले. इलियडच्या साडेपंधरा हजारांवर ओळी कोणी लिहून पाठ केल्या असतील हे त्याला पटत नव्हते. १९३३ ते १९३५ या काळात तो युगोस्लाव्हियात जाऊन जिवंत गायकांची गाणी ध्वनिमुद्रित करत राहिला. तेथे अवदो मेजेदोविच या निरक्षर गायकाने बारा हजारांहून अधिक ओळींचे एकच काव्य सांगितले. पाठांतर नव्हे, तर गाता गाता रचना, असा या शोधाचा निष्कर्ष होता. पॅरीचा शिष्य अल्बर्ट लॉर्ड याने १९६०मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला.

महाराष्ट्रात याचा पडताळा घ्यायला फार लांब जावे लागत नाही. संबळ-तुणतुण्यावर रात्रभर कथा लावणारा गोंधळी आणि बिरोबा-म्हस्कोबाच्या ओव्या गाणारे धनगर याच पद्धतीने कथा चालवतात: थोडे गाणे, मग गद्यात निवेदन, पुन्हा गाणे. गुंथर सोंथायमर या जर्मन संशोधकाने धनगरांच्या अशा ओव्या वर्षानुवर्षे मुद्रित केल्या. महाकाव्य पूर्णरूपाला येण्याआधी कसे दिसत असेल, ते या ओव्यांत दिसते.

लेखणी आल्यावर काय होते, हे पुण्यात उघड झाले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. वि. सी. सुखटणकरांनी त्याला शास्त्रीय शिस्त लावली, आणि १,२५९ हस्तलिखिते ताडून १९६६मध्ये ते पुरे झाले. व्यासांनी सांगायचे आणि गणपतीने लिहून घ्यायचे हा घराघरात ठाऊक असलेला प्रसंग या आवृत्तीच्या मूळ संहितेत नाही. तो नंतरची भर म्हणून परिशिष्टात गेला. मुखाने वाढलेल्या ग्रंथाला लेखनिकाची कथा मागाहून चिकटावी, हे सगळ्या इतिहासाला साजेसेच झाले.

विदग्ध महाकाव्याची तऱ्हा वेगळी. दंडी, विश्वनाथ या साहित्यशास्त्रकारांनी त्याचे नियमच बांधून दिले: सर्गांची रचना, उदात्त नायक, एक प्रधान रस, आणि नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रोदय यांची वर्णने. या नियमांचा पुढे अतिरेक झाला आणि कथेपेक्षा वर्णनेच फुगली, हा आक्षेप रास्त आहे.

या प्रकाराचा एक मोठा अध्याय बुलढाणा जिल्ह्यातील धाडच्या आसपासच्या मुलखात घडला. धाड हे जालना जिल्ह्याच्या हद्दीलगतचे गाव. त्याच्या एका अंगाला अजिंठ्याची लेणी, दुसऱ्या अंगाला बऱ्याच अंतरावर वाशीम. हे वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. अशी वेगळी शाखा होती, हे १९३९मध्ये सापडलेल्या वाशीम ताम्रपटाने स्पष्ट झाले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला वराहदेव मंत्र्याचा लेख याच घराण्याची वंशावळ देतो. या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन. चौथ्या शतकातल्या या राजाने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे महाकाव्य लिहिले. सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला, ही त्याची कथा. कुंतकासारख्या चोखंदळ समीक्षकाने सर्वसेनाला कालिदासाच्या पंगतीला बसवले. रसासाठी मूळ कथा बदलण्याचा कवीला अधिकार आहे, हे सांगताना आनंदवर्धनाने याच काव्याचा दाखला दिला. काव्य मात्र हरवले. साहित्यशास्त्राच्या ग्रंथांत उदाहरणादाखल घेतलेले श्लोक तेवढे शिल्लक आहेत.

नंदिवर्धनच्या शाखेतल्या दुसऱ्या प्रवरसेनाचे नशीब थोर. त्याचे ‘सेतुबंध’ हे पंधरा आश्वासांचे प्राकृत महाकाव्य संपूर्ण मिळते. रामाने समुद्रावर सेतू बांधण्यापासून रावणवधापर्यंतचा भाग त्यात आहे. ते कालिदासाने लिहून दिले अशी एक परंपरा टीकाकार रामदासाने नोंदवली. राजाला कविता जमणार नाही, असे गृहीत धरणारी ही परंपरा सर्वसेनाला विसरते. दंडीने महाराष्ट्रीला प्राकृतांत अव्वल ठरवले, ते सेतुबंधाच्याच आधारावर.

याच टापूत नऊशे वर्षांनी मराठी आख्यानकाव्य उभे राहिले. धाडजवळच, जालना जिल्ह्याच्या हद्दीत, जाळीचा देव हे महानुभावांचे स्थान आहे. चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने ते पवित्र मानले जाते. या पंथाच्या कवींनी कृष्णचरित्र घेतले. नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ शके १२१४चे, म्हणजे ज्ञानेश्वरीनंतर अवघ्या दोन वर्षांचे. नायिका विदर्भाची राजकन्या, भाषा मराठी, छंद ओवी, आणि वर्णने मात्र संस्कृत महाकाव्याच्या तोलाची. रामदेवराव यादवाने ग्रंथ आपल्या नावावर मागितला आणि नरेंद्राने तो दिला नाही, असे महानुभाव परंपरा सांगते. मूळ प्रत राजाकडे राहिली आणि कवीच्या हाती नऊशेच्या आसपास ओव्या आल्या. पुढे पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले, त्यामुळे ही कविता विसाव्या शतकापर्यंत इतर मराठी वाचकांच्या दृष्टीआडच राहिली.

सर्वदूर पोहोचला तो श्रीधर. नाझऱ्याच्या या कवीने १७०२मध्ये ‘हरिविजय’, पाठोपाठ १७०३मध्ये ‘रामविजय’ आणि १७१२मध्ये ‘पांडवप्रताप’ लिहिला. मोरोपंतांची शब्दकळा त्याच्यापाशी नाही, शास्त्रकारांचे नियमही तो फारसे मनावर घेत नाही. पण त्याची ओवी कानाला लगेच कळते. चातुर्मासात देवळात पोथी लागते. ठवणीवर ग्रंथ ठेवून एकजण ओवी वाचतो, थांबतो. दुसरा तिचा अर्थ गावच्या बोलीत फुलवून सांगतो, मधेच एखादा दृष्टांत घालतो, श्रोत्यांतून प्रश्न आला तर त्यालाही उत्तर देतो. नैमिषारण्यातला क्रमही याहून वेगळा नव्हता. सर्वसेनाच्या ‘हरिविजया’ला जाणकार मिळाले, श्रीधराच्या ‘हरिविजया’ला श्रोते मिळाले; छत्तीस अध्यायांची ही पोथी आजही छापली जाते आणि खपते.