शिबिरातला पहिला ताप

लेखमाला : गर्दीचं आरोग्य (लेखांक सहावा)

मागच्या लेखात आपण जत्रेतल्या पिण्याच्या पाण्याविषयी बोललो. आज मुलांच्या निवासी शिबिरांकडे वळू. निमित्त चेन्नईचं आहे. पण पन्हाळा, भंडारदरा किंवा दापोलीला मुलं पाठवणाऱ्या पालकांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

चेन्नईत शिबिरांचे दोन हंगाम असतात. एक वार्षिक परीक्षेनंतरचा, कडक उन्हाळ्याचा. दुसरा सहामाही परीक्षेनंतरचा, नाताळच्या सुट्टीतला. मुलं कोवलम-मामल्लपुरमकडे समुद्रकाठी जातात, नाहीतर येलगिरी, येरकाडच्या डोंगरात. उन्हाळ्यात भीती असते ती अन्नपाण्यातून होणाऱ्या आजारांची. डिसेंबरचं चित्र वेगळं. इथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, त्यामुळे डेंग्यूचा आणि गवताळ रानातल्या तापांचा जोर त्याच सुमारास असतो. महाराष्ट्रात ज्या काळजीने आपण जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना जपतो, ती काळजी इथे नाताळच्या सुट्टीत घ्यावी लागते. नव्याने चेन्नईत आलेल्या मराठी कुटुंबांच्या हे चटकन लक्षात येत नाही.

शंभर मुलं आठवडाभर एकत्र राहिली, जेवली, झोपली की त्यातलं कुणीतरी आजारी पडणारच. ते टाळणं कुणाच्याच हातात नाही. त्या एकाचे वीस होणं मात्र टाळता येतं. ते ठरतं दोन गोष्टींवर : मुलं येण्याआधी केलेली व्यवस्था, आणि पहिला ताप दिसल्यावरचे पहिले काही तास.

दोन राज्यं, एकच उन्हाळा

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अमेरिकेत २०२० च्या उन्हाळ्यात मिळाला. जॉर्जिया राज्यातल्या एका निवासी शिबिरात येण्यापूर्वीच्या बारा दिवसांत केलेल्या कोविड चाचणीचा निगेटिव्ह अहवाल सर्वांकडून मागितला होता. मुलं २१ जूनला आली. २२ जूनच्या संध्याकाळी एका किशोरवयीन कार्यकर्त्याला थंडी वाजून आली, दुसऱ्या दिवशी तो घरी गेला आणि २४ जूनला त्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला. त्याच दिवसापासून मुलांना घरी पाठवायला सुरुवात झाली, २७ तारखेला शिबिर बंदच झालं. तरीही राज्यातल्या ५९७ सहभागींपैकी ज्या ३४४ जणांचे अहवाल हाती आले, त्यांतले २६० बाधित निघाले. मुलांना मास्क नव्हते, झोपायच्या खोल्यांची दारं-खिडक्या उघडी ठेवलेली नव्हती आणि रोज मोठमोठ्याने गाणी, आरोळ्या चालू होत्या.

त्याच उन्हाळ्यात मेन राज्यातल्या चार निवासी शिबिरांत ४१ राज्यांमधून मुलं आली होती. कार्यकर्ते धरून एकूण १०२२ जण. त्यांनी घरून निघण्याआधी विलगीकरण पाळलं, येण्यापूर्वी आणि आल्यावर चाचण्या झाल्या, मुलांच्या लहान टुकड्या केल्या आणि सुरुवातीच्या दिवसांत एका टुकडीला दुसरीत मिसळू दिलं नाही. तीन जण बाधित आढळले, त्यांना लगेच वेगळं ठेवलं आणि संसर्ग तिथेच थांबला.

कोविडचे ते दिवस सरले, पण शिकवण कायमची आहे. पहिला रुग्ण ओळखू येतो तेव्हा त्याच्याकडून लागण सुरू झालेली असू शकते. म्हणून टुकड्या पहिल्या दिवसापासून हव्यात. दहा-बारा मुलं एकाच तंबूत झोपतील, एकत्र जेवतील, त्यांचे ताई-दादा, म्हणजे इथले अक्का-अण्णा, तेच राहतील. मग पहिला ताप आला की नजर शंभर जणांवर नव्हे, दहा-बारा जणांवर ठेवावी लागते.

स्वयंपाकघर

शिबिरात सर्वांना एकाच वेळी आजारी पाडू शकेल अशी जागा म्हणजे स्वयंपाकघर. डिसेंबर २०२१ मध्ये चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या आयफोन जुळणी कारखान्यातल्या महिला कामगारांना वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली. अडीचशेहून अधिक जणी आजारी पडल्या, १५९ जणींना रुग्णालयात दाखल करावं लागलं. ते शिबिर नव्हतं, पण एका स्वयंपाकघरावर शेकडो जणांचं पोट अवलंबून असण्याची स्थिती तीच. आजारी मैत्रिणींची खात्रीची खबर मिळेना, मृत्यूच्या अफवा उठल्या आणि कामगारांनी चेन्नई-बंगळूर महामार्ग अडवला. त्या संतापामागे भीती होती, आणि भीतीमागे माहितीचा अभाव.

तमिळनाडूतल्या सहलींचा हमखास पदार्थ म्हणजे लिंबूभात. तो मोकळा व्हावा म्हणून आधी भात शिजवून गार करायला पसरतात. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास उबदार हवेत राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. असा भात खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. म्हणून भात लहान लहान परातींत पातळ पसरून लवकर गार करायचा आणि दोन तासांच्या आत वाढायचा. चिंचेचा भात किंवा दहीभात आंबटपणामुळे त्या मानाने बरा टिकतो, पण मे महिन्याच्या उन्हात त्याच्यावरही भिस्त ठेवू नये. गरम वाढायचं ते वाफाळतं, साठ अंशांच्या वर हवं. आचाऱ्याला किंवा वाढप्याला जुलाब होत असतील, तर ते थांबून दोन दिवस होईपर्यंत त्याला अन्नाला हात लावू देऊ नये. त्या दिवसांचा पगारही कापू नये. पगार कापला जाणार म्हटल्यावर कोण आजार सांगेल?

पाण्याचं गणित मागच्या लेखात आलं आहे. चांगल्या प्रतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, तासभर थांबणं आणि मग पाण्यात क्लोरीन उरलं आहे का हे पाहणारी ओटी टेस्ट. पिंपाला तोटी हवी, आत हात बुडवून तांब्या भरू नये. जेवणाच्या रांगेच्या तोंडाशीच साबण आणि पाणी हवं. सॅनिटायझरच्या बाटलीवर विसंबू नका. उलट्या-जुलाबांच्या साथी पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, साबणाने चोळून हात धुतले की तो निघून जातो.

डोळे आणि डाग

डोळे येण्याच्या साथीला इथे ‘मद्रास आय’ म्हणतात. शहरातलं एग्मोरचं सरकारी नेत्ररुग्णालय १८१९ सालचं, आणि १९१८ मध्ये या साथीची नोंद तिथेच झाली. महाराष्ट्राने ती अलीकडे जवळून पाहिली : जुलै २०२३ मध्ये आळंदीत डोळे आलेल्यांची रीघ लागली होती. डोळ्यांकडे पाहिल्याने ही साथ पसरत नाही. पसरते ती बोटांतून, टॉवेलमधून, उशीच्या अभ्र्यातून. ॲडेनोव्हायरस कोरड्या पृष्ठभागावरही बरेच दिवस तग धरतो. म्हणून प्रत्येकाचा टॉवेल नाव घातलेला आणि वेगळा वाळत घातलेला हवा. एकाचे डोळे आले तर त्याची पोहण्याची पाळी बंद. एकाच बाटलीतून सगळ्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालणं तर कटाक्षाने टाळावं.

दुसरा आजार गवतातला. झुडपांत, उंच गवतात राहणाऱ्या सूक्ष्म माइटची अळी चावली की स्क्रब टायफस होतो. वेल्लूर, तिरुवण्णामलैपासून येलगिरीच्या परिसरापर्यंत उत्तर तमिळनाडूत तो भरपूर आढळतो, विशेषतः पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या थंडीत. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भातही त्याने जीव घेतले. चावल्यावर साधारण दहा-बारा दिवसांनी ताप येतो, म्हणजे तोवर मूल घरी परतलेलं असतं. चाव्याच्या जागी कित्येकदा सिगारेटचा चटका बसावा तसा काळा खपलीचा डाग पडतो. तो दुखत नाही, खाजत नाही. आणि असतो काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, जिथे मूल स्वतः पाहत नाही आणि दाखवायला लाजतं. तापाच्या मुलाला डॉक्टरांकडे नेताना ‘हा पंधरा दिवसांपूर्वी डोंगरात शिबिराला गेला होता’ हे वाक्य आवर्जून सांगा. नेहमीची बरीच प्रतिजैविकं या आजारावर चालत नाहीत. चालतात ती डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन, आणि तीही स्वस्त, सगळीकडे मिळणारी. पण उपचाराला उशीर झाला की फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू यांवर बेततं. शिबिरात गवतावर थेट बसू नये, कपडे झुडपांवर वाळत घालू नयेत आणि रानातून आल्यावर आंघोळ करून कपडे बदलावेत.

आजारी खोली आणि वही

पहिला ताप वेळेवर कळायचा, तर मुलाने तो सांगायला हवा. मुलं सांगत नाहीत, कारण उद्याचा ट्रेक चुकेल, शेकोटी चुकेल, मित्र हसतील. भाषेचीही अडचण असते. चेन्नईत वाढणाऱ्या मराठी मुलाला पाठवण्याआधी काय्च्चल म्हणजे ताप, वांदी म्हणजे उलटी आणि वयित्तु वली म्हणजे पोटदुखी, एवढं तरी येऊ द्या. आणि आयोजकांनी पहिल्याच संध्याकाळी सर्व मुलांसमोर सांगावं की दुखलं-खुपलं सांगणाऱ्याला कुणी रागावणार नाही. आजारी खोली हवेशीर हवी, तिला वेगळा संडास हवा, आणि मुलाजवळ सतत एक मोठं माणूस हवं.

या खोलीत सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे दोनशे पानी वही. रकाने साधे : तारीख, वेळ, नाव, टुकडी, तक्रार, ताप किती, शेवटचं काय आणि कधी खाल्लं. समजा, सकाळी साडेनऊ ते अकरा या वेळात चार मुलांना उलट्या झाल्या. टुकड्या चार वेगळ्या, नाश्ता मात्र एकच. मग बोट स्वयंपाकघराकडे जातं. तेच चौघे एकाच टुकडीतले असते आणि आजार दीड-दोन दिवसांच्या अंतराने एकेकाला झाला असता, तर तो माणसाकडून माणसाला लागतोय असं दिसलं असतं. पहिल्या प्रसंगी अन्न थांबवायचं, दुसऱ्या प्रसंगी टुकडी वेगळी करायची. वही नसेल तर दोन्ही वेळा नुसता गोंधळ होतो.

कुणाला किती दिवस वेगळं ठेवायचं याचेही ठोकताळे आहेत. उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तास, औषधाविना ताप उतरल्यावर निदान २४ तास, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत. तापावर वजनाच्या प्रमाणात पॅरासिटामॉल पुरेसं आहे. डेंग्यूच्या दिवसांत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. जुलाबांत ओआरएस घोटाघोटाने द्यावं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी या साध्या द्रावणावर कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले आणि तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूंचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आणलं. मात्र मूल गळून गेलं, पीतच नसेल, मान ताठ झाली, श्वास जोरात चालू लागला किंवा अंगावर जांभळे ठिपके दिसले, तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

आजारी प्रवाशाची जबाबदारी यजमानाची, हे या प्रांतात जुनंच आहे. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात आपल्या घराण्याच्या छत्रांची, म्हणजे धर्मशाळांची, व्यवस्था सविस्तर सांगितली आहे : प्रत्येक छत्रात वैद्य, आजारी पडलेल्याला औषध आणि पथ्याचं जेवण, आणि तो बरा होईपर्यंत आदराने शुश्रूषा. फी घेऊन मुलं नेणाऱ्या आजच्या संस्थांकडून याहून कमी का अपेक्षावं?

शिबिर संपल्यावर

२०१५ च्या उन्हाळ्यात जपानमधल्या यामागुची इथे स्काउटांचा जागतिक मेळावा भरला. तेहतीस हजारांहून अधिक जण आले होते. ८ ऑगस्टला मेळावा संपला आणि मुलं घरोघरी परतल्यावर स्कॉटलंड आणि स्वीडनमध्ये काही जणांना मेनिन्गोकोकसचा जीवघेणा संसर्ग झाल्याचं निघालं. कोण कुठल्या तुकडीत होतं याच्या याद्या होत्या, म्हणून बाकीच्यांना शोधून प्रतिबंधक औषध देता आलं. टायफॉइड एक-दोन आठवड्यांनी, कांजिण्या दोन-तीन आठवड्यांनी, हिपॅटायटिस ए तर महिन्याभरानेही उमटते. तेव्हा परतलेल्या मुलाला ताप आला तर पालकांनी आयोजकांना कळवावं, आणि आयोजकांनी त्याच दिवशी इतर पालकांना, मुलाचं नाव न घेता.

पैसे भरण्याआधी आयोजकांना चार प्रश्न विचारा. आजारी खोली कुठे आहे? रात्री तिथे कोण असतं? जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर? गेल्या शिबिराची आजारांची वही दाखवता का? ‘आमच्याकडे कुणी आजारीच पडत नाही’ असं उत्तर मिळालं, तर मुलाला तिथे पाठवू नका. नोंदींनी भरलेली वही समोर ठेवणाऱ्यांकडे नि:शंक पाठवा. आपल्या बाजूने लसीकरणाची नोंद, ॲलर्जी आणि चालू औषधं खरी खरी लिहून द्या. आणि निघायच्या दिवशी मुलाला ताप असेल, तर फी बुडाली तरी त्याला घरी ठेवा. आपण दुसऱ्याच्या मुलाकडून जी अपेक्षा करतो, ती आधी आपल्या घरात पाळायची असते.

(पुढील लेखांक : वसतिगृहाची खानावळ)