स्टेकचं ताट आणि आपली चूल

आपल्या नगर जिल्ह्यातल्या वस्त्यांमधली कितीतरी मुलं-मुली आता पुण्याला खराडी, हिंजवडीच्या कंपन्यांत कामाला आहेत. कंपनीची पार्टी असली की कधी कधी साहेब सगळ्यांना 'स्टेकहाऊस'मध्ये नेतात. मंद दिवे, काटे-सुरे, इंग्रजी मेन्यू आणि एका ताटाची किंमत हजाराच्या पुढं. तो तुकडा नेमका कशाचा असतो, अंगी किती लागतो आणि आपल्या चुलीवरच्या कालवणापेक्षा खरंच भारी असतो का, ते या वेळी पाहू.

तुकडा कशाचा?

स्टेक म्हणजे मांसाचा जाड, अखंड तुकडा. तो तव्यावर नाहीतर निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी भाजतात. मेन्यूवर 'टेंडरलॉइन' लिहिलेलं असतं; खाटकाकडे त्यालाच 'अंडरकट' म्हणतात. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होतीच. मार्च २०१५ मध्ये दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल व वळूही त्या बंदीत आले. म्हशीचं मांस त्यात येत नाही. म्हणून आपल्याकडच्या हॉटेलातला टेंडरलॉइन बहुधा म्हशीचा असतो. वस्तीत ज्याला 'बड्याचं' म्हणतात, तेच इथं पांढऱ्या बशीत येतं. ज्या मटणावरून आपल्या माणसांना नावं ठेवली गेली, त्यालाच इथं लोक हजार-हजार रुपये मोजतात. तेव्हा कोणी आपल्या डब्याकडे बघून नाक मुरडलं, तर मान खाली घालायचं कारण नाही.

पैसे कशाचे?

अंडरकट पाठीच्या कण्याखाली, आतल्या बाजूला असतो. जनावर चालताना या स्नायूला फारसं काम पडत नाही, म्हणून तो मऊ राहतो. अख्ख्या जनावरात तो थोडाच निघतो, म्हणून महाग. पाय, मान, मांडी हे कष्टाचे भाग. ते चिवट असतात. पण मंद आचेवर दोन-तीन तास शिजवले की त्यातले चिवट धागे विरघळतात आणि रस्सा दाट होतो. आपल्या आज्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली आलेल्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या अशा खाण्याची नोंद केली आहे.

म्हणजे जास्तीचे पैसे मऊपणाचे आहेत, ताकदीचे नाहीत. अंडरकट असो की मांडी, १०० ग्रॅम मांसात साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात. काळजात तर लोह स्टेकपेक्षा जास्त असतं. फक्त गरोदर बाईने काळीज वरचेवर खाऊ नये, त्यात 'अ' जीवनसत्त्व फार असतं. युरिक अॅसिड वाढलेल्यांनीही काळीज, वजडी बेतानेच खावी.

हॉटेलात गेलात तर

वेटर विचारतो, "रेअर, मीडियम की वेल-डन?" रेअर म्हणजे आतून लाल, मीडियम म्हणजे आतून गुलाबी, वेल-डन म्हणजे पूर्ण शिजलेला. बिनधास्त वेल-डन सांगा. शौकीन लोक हसतील, हसू द्या. अर्धकच्च्या मांसातून पट्टकृमी पोटात जाऊ शकतो. गरोदर बाया, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि दुखणाईत यांनी कच्चट मांस खाऊच नये. खिम्याचा बर्गर तर आतपर्यंत शिजलेलाच हवा, कारण वरचे जंतू खिमा करताना आत मिसळतात.

करपलेला काळा भाग काढून टाका, तो तब्येतीला चांगला नाही. रक्तदाब असेल तर सॉस वेगळा मागा, त्यात मीठ फार असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही.

एक स्टेक साधारण २०० ते २५० ग्रॅमचा असतो. आठवड्याला शिजलेलं लाल मांस ३५० ते ५०० ग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असा जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आहे. बकरा आणि म्हैस दोन्ही यात धरा. खारवलेलं, धुरी दिलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन, हे २०१५ पासून कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. मीठ लावून वाळवलेल्या चान्याही कधीमधीच खाव्यात.

घरी तुकडा कोणाला?

आता खरी गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. गरज बाईची जास्त. पण कालवण झालं की फोडी आधी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात जातात, आणि शेवटी बसणाऱ्या बाईला राहतो रस्सा. स्टेकहाऊसमध्ये प्रत्येकाचं ताट वेगळं असतं, बाईला तिचा तुकडा मिळतोच. एवढी एक रीत तिथून घरी आणण्यासारखी आहे. त्याला पैसे लागत नाहीत.

मटण थोडं असलं तरी चालेल. डाळ, हरभरा, पालेभाजीबरोबर थोडं मांस असलं की त्या भाजीतलं लोहही अंगाला जास्त लागतं. वरून लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो; तासभर थांबा. ज्यांनी मांसाहार सोडला आहे, त्यांनी मोड आलेली कडधान्यं, लिंबू आणि दूध-दही चुकवू नये. चालत असतील तर अंडी घ्यावीत.

मांस ताजं आणि तपासलेलंच घ्या. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, हे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितलं, ते स्वाभिमानासाठी. आरोग्याच्या दृष्टीनेही ते तितकंच खरं आहे: अशा मांसातून काळपुळीसारखा रोग होतो.

ज्या बाईला दम लागतो, चक्कर येते, डोळ्यांच्या आतली बाजू पांढुरकी दिसते, तिने प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. ते १२ च्या खाली, किंवा गरोदरपणी ११ च्या खाली असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात. सरकारी केंद्रात त्या मोफत मिळतात. आणि येत्या रविवारी कालवण झालं, की पहिली फोड घरातल्या बाईच्या ताटात वाढा.