वरची खोली आणि आपांचा हिस्सा

थोरल्या मुलाचे लग्न ठरले आणि घर एकाएकी लहान वाटू लागले. अब्बांनी बांधलेल्या तळमजल्यावर एक खोली आणि न्हाणीघर चढवायचे, असे आम्ही दोघा भावांनी ठरवले. मिस्त्री म्हणाला, "परवानगीचे नंतर बघू. एकदा घरपट्टी लागली की झाले!"

हा गैरसमज घरोघरी आहे. घरपट्टी हा कर आहे. ती भरल्याने बांधकाम कायदेशीर होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 प्रमाणे आधी कलम 44 खाली अर्ज करावा लागतो. विनापरवाना बांधले तर कलम 53 खाली पाडण्याची नोटीस येऊ शकते. आयुष्याची कमाई अशी टांगणीला कोण लावणार? आम्ही परवानाधारक अभियंत्याकडे गेलो.

त्यांनी पहिला कागद मागितला तो मिळकत पत्रिकेचा. तिच्यावर अजून अब्बांचेच नाव होते. त्यांच्या इंतकालाला 9 वर्षे झाली, पण वारस नोंद करायला कोणाला सवड झाली नव्हती. वारस पाच: अम्मी, आम्ही दोघे आणि आमच्या दोन्ही आपा.

कचेरीबाहेरच्या एकाने सोपी वाट सुचवली. "बहिणींकडून हक्कसोड पत्र लिहून घ्या. त्या कुठे नाही म्हणतात?"

रात्री जेवताना हे बोलणे निघाले तेव्हा अम्मी म्हणाल्या, "त्या नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच तुम्ही विचारू नका."

आम्ही गप्प झालो. सूरह निसामध्ये मुलींचा हिस्सा ठरलेला आहे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण आपल्याच घराचा हिशेब कधी मांडला नव्हता. त्या रात्री मांडला. घराचे 48 भाग धरले तर अम्मींचे 6, आम्हा भावांचे प्रत्येकी 14 आणि आपांचे प्रत्येकी 7.

पाचही नावे मिळकत पत्रिकेवर चढवली. त्यात तीन महिने गेले. आपांनी बांधकामाला संमतीपत्र दिले. वरच्या खोलीचा खर्च आमचा, जुन्या घरातला त्यांचा हिस्सा कायम, आणि त्याची किंमत आम्ही हप्त्यांनी देऊ, असे साक्षीदारांसमोर लिहून ठेवले. धाकट्या आपा कागद हातात घेऊन इतकेच म्हणाल्या, "अब्बांच्या घरावर माझे नाव पहिल्यांदाच पाहिले."

पुढचे काम मानाने सोपे होते. अभियंत्यांनी जुना पाया आणि भिंती वरचे ओझे पेलतील का, ते तपासले. शेजाऱ्यांच्या बाजूला सोडायची जागा कमी पडत होती, म्हणून खोली थोडी आत घेतली. नकाशा, मोजणी, कर भरल्याचा दाखला जोडून अर्ज केला, शुल्क भरले आणि परवाना हाती आला.

वाचकांनी ध्यानात ठेवावे: परवाना एक वर्ष चालतो, मुदतवाढ मागता येते. नकार आला तर 40 दिवसांत अपील करता येते. मंजूर नकाशाबाहेर एक वीटही लावू नये, आणि काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्यावे.

आणि सर्वांत आधी घरी बसून वारसांची नावे लिहून काढावीत. नगरपरिषदेची परवानगी त्यानंतरची. वरच्या खोलीत आता मुलगा-सून राहतात, आणि ईदला दोन्ही आपा येतात त्या आपल्या घरी येतात. अलहम्दुलिल्लाह!