'अनडिफाइन्ड रेफरन्स' आला म्हणजे तुमचा कोड चुकला असं नाही

हा भाग कुडाळच्या घरातून रेकॉर्ड केलाय, त्यामुळे ऐकताना मागे पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला असेल. मध्ये एकदा लाइटही गेली. खाली तोच भाग लेखी, थोडा साफसूफ करून. कमांड्स मी बोललो तशा उच्चाराने लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या.

विषय आहे लिंकर. आणि विषय निघाला माझ्या मावसभावामुळे.

तो डिप्लोमाला आहे. उन्हाळी परीक्षेआधी एका रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. "दादा, सगळा केलंय, पण चालना नाय. दोन येळा उबंटू नवीन टाकलंय." त्याचा प्रोजेक्ट साधा होता पण स्वतःचा होता: घरच्या हापूसच्या पेट्यांचा हिशोब. कुठल्या दलालाकडे किती पेट्या गेल्या, किती पैसे आले, किती यायचे. सी भाषेत लिहिलेला, माहिती साठवायला एसक्यूलाइट. तीन आठवडे बसून केलेला. सोमवारी तोंडी परीक्षा. आणि आता तो म्हणत होता की वर्गातला एकजण तयार प्रोजेक्ट हजार रुपयांना देतोय, तोच घेतो. "माका प्रोग्रॅमिंग जमना नाय."

मी म्हटलं, आधी एरर पाठव. त्याने फोटो पाठवला. 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूलाइट३_ओपन'. अशाच सात-आठ ओळी, आणि शेवटी 'एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस'.

"तुझा कोड बरोबर आहे रे," मी म्हटलं. त्याला वाटलं मी समजूत काढतोय.

तर समजून घेऊ. आपण जीसीसी ही एकच कमांड देतो, म्हणून एकच काम होतंय असं वाटतं. खरं तर आत दोन वेगळी माणसं बसली आहेत. पहिला कंपायलर. तो एकेक सी फाइल घेतो आणि तिची ऑब्जेक्ट फाइल करतो, डॉट ओ वाली. दुसरा लिंकर, त्याचं नाव एलडी. तो सगळ्या ऑब्जेक्ट फाइल्स आणि लायब्ररी जोडून चालणारा प्रोग्रॅम बनवतो. भावाच्या बाबतीत कंपायलरचं काम निमूट पार पडलं होतं. तक्रार दुसऱ्याची होती.

आता आपल्याकडचं उदाहरण घेतो, दशावताराचं. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात, आणि संवाद नट रंगमंचावरच रचतात. प्रत्येक नटाला आपलं काम पक्कं माहीत. 'इथे राक्षस येणार आणि माझं त्याच्याशी युद्ध होणार' हेही माहीत. पण आज राक्षस कोण, तो कुठून येणार, हे त्याच्या डोक्यात नसतं. ती जागा त्याने रिकामी सोडलेली असते.

ऑब्जेक्ट फाइल अगदी तशीच असते. आत दोन याद्या. एक, 'ही फंक्शन्स माझ्याकडे आहेत'. दुसरी, 'ही मला लागतील, कुठून ते माहीत नाही'. बघायचं असेल तर 'एनएम मेन डॉट ओ' अशी कमांड द्या. नावापुढे कॅपिटल टी असेल तर ते फंक्शन इथेच आहे. यू असेल तर ते हवं आहे पण सापडलेलं नाही. लिंकर म्हणजे कंपनीचा मॅनेजर. सगळ्यांच्या याद्या समोर घेऊन प्रत्येक यू साठी माणूस शोधतो आणि त्या रिकाम्या जागी पत्ता भरतो. माणूस मिळाला नाही की 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. एकाच पात्रासाठी दोघं रंगून तयार होऊन आले की 'मल्टिपल डेफिनिशन'. त्याची समज एवढीच. तुमचं लॉजिक बरोबर की चूक याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

(दशावतारात मुख्य आख्यानाआधी आडदशावतार होतो, गणपती येतो, संकासूर येतो. तुमच्या प्रोग्रॅममध्येही मेन फंक्शनच्या आधी सीआरटी१ डॉट ओ नावाच्या फाइलमधला स्टार्ट चालतो. ती फाइल तुम्ही लिहीत नाही, जीसीसी गुपचूप लिंकरला देतो. मेनपासून प्रोग्रॅम सुरू होतो असं आपल्याला शिकवतात ते अर्धवट आहे.)

भावाचा पुढचा प्रश्न सगळ्यांचाच असतो. "पण मी इन्क्लूड केलंय मा!" केलंय. पण हेडर फाइल म्हणजे निमंत्रणपत्रिकेवरचं नाव. 'एसक्यूलाइट३_ओपन नावाचं फंक्शन असतं, ते अशी अशी माहिती घेतं', एवढंच ती कंपायलरला सांगते. कंपायलरला तेवढं पुरतं. फंक्शनचा खरा कोड लायब्ररीत असतो आणि ती लिंकरला वेगळी सांगावी लागते: डॅश एल एसक्यूलाइट३.

"ता पण लिवलंय." आणि खरंच लिहिलं होतं. त्याची कमांड अशी: जीसीसी डॅश एल एसक्यूलाइट३ मेन डॉट सी.

खरी गोम इथे होती. लायब्ररी आधी, फाइल नंतर.

लिंकर डावीकडून उजवीकडे एकदाच जातो. समजा कंपनीचा टेम्पो बांद्याहून निघाला: झाराप, कुडाळ, कसाल, कणकवली. मॅनेजरच्या हातात 'कोण कमी आहे' याची यादी. ऑब्जेक्ट फाइल भेटली की तिला टेम्पोत घ्यायचंच. लायब्ररी भेटली की यादीत कोण बाकी आहे ते बघायचं आणि तेवढ्यांनाच घ्यायचं. टेम्पो झारापला पोचला, तिथे लायब्ररी उभी. यादी कोरी, कुणाचीच गरज नाही, टेम्पो पुढे. कुडाळला मेन डॉट ओ चढली आणि म्हणाली, मला एसक्यूलाइट३_ओपन हवाय. तो तर झारापला होता. टेम्पो मागे वळत नाही.

म्हणून नियम: ज्याला गरज आहे तो आधी, जो गरज भागवतो तो नंतर. जीसीसी मेन डॉट सी डॅश एल एसक्यूलाइट३. शब्द तेच, जागा बदलली. दोन लायब्ररींना एकमेकींची गरज असेल तर एक नाव दोनदा लिहितात किंवा दोघींना स्टार्ट-ग्रुप आणि एंड-ग्रुपच्या मध्ये घालतात.

यात छळणारी गोष्ट अशी की तीच चुकीची कमांड मित्राच्या फेडोरावर चालून जाते. उबंटूचा जीसीसी लिंकरला 'ॲज नीडेड' हा पर्याय आपणहून देतो, म्हणजे त्या क्षणी गरज नसलेली शेअर्ड लायब्ररी सोडून द्यायची. फेडोरावर तसं होत नाही. मग वाटतं आपलाच लॅपटॉप बिघडलाय, आणि माणूस उबंटू परत टाकतो. मीसुद्धा बीटेकच्या दुसऱ्या वर्षात एकाला छातीठोकपणे 'रीइन्स्टॉल कर' सांगितलंय. त्याचा आख्खा रविवार गेला होता.

असाच अजून एक चकवा: वर्गमूळ. सी मध्ये एसक्यूआरटी(२.०) लिहिलं तर डॅश एल एम न देताही चालतं, कारण आकडा ठरलेला असल्यामुळे जीसीसी उत्तर आधीच काढून ठेवतो. त्याच जागी व्हेरिएबल टाकलं की लिंकर ओरडतो. 'काल चालत होतं' हे अशा वेळी खरंच खरं असतं. ही गणिताची लायब्ररी लिनक्सवर ग्लिबसी या प्रकल्पाचा भाग असते. त्या प्रकल्पाच्या २०१७ मधल्या २.२५ आणि २.२६ या दोन्ही आवृत्त्या प्रकाशित करण्याची जबाबदारी सिद्धेश पोयरेकर यांच्याकडे होती, पुण्यात काम केलेले इंजिनिअर. आडनाव ऐकून देवगडकडच्या मंडळींचे कान टवकारले असतील. मला एवढंच म्हणायचंय की ही खालच्या थरातली कामं कुठल्यातरी परग्रहावर होत नाहीत.

आणि ही कटकट जुनी आहे. ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये ए-० नावाची प्रणाली बनवली आणि तिला कंपायलर म्हटलं. पण ती करायची काय, तर तयार सबरूटीन्स गोळा करून पत्ते भरून जोडायची. म्हणजे आजच्या भाषेत लिंकर आणि लोडर.

बरं, रविवारी रात्री प्रोजेक्ट चालला. सोमवारी सकाळी पावणेदहाला परत फोन. पठ्ठ्याने चालणारी फाइल पेन ड्राइव्हवर घालून कॉलेजच्या लॅबमध्ये नेली होती, आणि तिथे नवीनच एरर: 'लिबएसक्यूलाइट३ डॉट एसओ डॉट ०: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल'.

इथे शेअर्ड लायब्ररी हा प्रकार कळतो. हा नट टेम्पोत बसतच नाही. 'मी थेट जत्रेत भेटतो' म्हणतो, आणि मॅनेजर यादीत फक्त त्याचं नाव लिहून ठेवतो. पडदा उघडायच्या वेळी, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना, डायनॅमिक लोडर त्याला शोधतो. आपल्या गावात तो असतो, परगावच्या जत्रेत नसतो. फायदाही मोठा आहे: एकच लायब्ररी शंभर प्रोग्रॅम वापरतात, फाइल लहान राहते, आणि लायब्ररीतली चूक एकदा दुरुस्त केली की सगळ्यांची होते. 'एलडीडी' या कमांडला तुमच्या प्रोग्रॅमचं नाव दिलं की कोणकोण जत्रेत भेटणार आहे ते कळतं, नसलेल्यापुढे 'नॉट फाउंड' येतं.

लॅबमध्ये नवीन पॅकेज टाकायची परवानगी नव्हती. पण एसक्यूलाइट बनवणाऱ्यांनी एक सोय ठेवलीय: दोन लाखांहून जास्त ओळींची सगळी लायब्ररी एकाच फाइलमध्ये मिळते, एसक्यूलाइट३ डॉट सी. ती आणि तिची हेडर फाइल त्याला पाठवली. हेडर आता शेजारीच होती म्हणून इन्क्लूडमधले कोनी कंस काढून अवतरणचिन्हं घातली, आणि: जीसीसी मेन डॉट सी एसक्यूलाइट३ डॉट सी डॅश एल पीथ्रेड डॅश एल डीएल डॅश एल एम. लायब्ररी शेवटी लिहायच्या हे यावेळी मला सांगावं लागलं नाही. नट टेम्पोतच बसवला. परीक्षा झाली. मार्क किती पडले ते अजून त्याने मला सांगितलेलं नाही, पण हजार रुपये वाचले.

तुम्ही हे फोनवर ऐकताय, तर फोनचंही सांगतो. अँड्रॉइड ॲपची एपीके फाइल ही खरं तर झिप असते. उघडून बघा, बऱ्याच ॲप्समध्ये 'लिब' फोल्डरच्या आत 'एआरएम६४-व्ही८ए' आणि त्यात डॉट एसओ फाइल्स दिसतील. तेच जत्रेत भेटणारे नट. ॲप 'अनसॅटिस्फाइड लिंक एरर' देऊन बंद पडलं तर भावाच्या लॅबमधलाच प्रकार आहे. अलीकडे गुगल प्लेने १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ आणि पुढच्यासाठीच्या ॲप्सना १६ केबी मेमरी पेजचा आधार सक्तीचा केला, तेव्हा अनेक टीम्सना एसओ फाइल्स नव्याने लिंक कराव्या लागल्या. जुन्या टूल्समध्ये बदल काय? लिंकरला एक पर्याय: मॅक्स-पेज-साइझ बरोबर १६३८४.

लॅपटॉप नसेल तर टर्मक्स ॲप घ्या आणि 'पीकेजी इन्स्टॉल क्लँग बिनयुटिल्स' करा. दोन छोट्या फाइल्स लिहा. एकीत 'नमस्कार' छापणारं फंक्शन, दुसरीत मेन, जे त्याला बोलावतं. 'क्लँग डॅश सी' देऊन दोन्हींच्या डॉट ओ बनवा, एनएम लावून टी आणि यू शोधा. मग मुद्दाम फक्त मेन डॉट ओ लिंक करून बघा. तिथला लिंकर एलएलडी आहे, त्याचे शब्द थोडे वेगळे असतील. तो लायब्ररीतली नावं लक्षात ठेवतो, त्यामुळे क्रमाची चूक फोनवर चालून जाते आणि लॅपटॉपवर पकडली जाते.

सी प्लस प्लस वाल्यांसाठी एकच: एनएममध्ये तुमच्या ॲड फंक्शनचं नाव 'अंडरस्कोर झेड ३ ॲड आय आय' असं दिसेल. घाबरू नका, फंक्शन कुठल्या प्रकारचे आकडे घेतं तेही नावात गुंफलेलं असतं. सी आणि सी प्लस प्लस एकत्र जोडताना म्हणूनच एक्स्टर्न सी लिहावं लागतं. त्यावर स्वतंत्र भाग करू.

अडलात तर मेसेज करा, पण स्क्रीनचा अर्धा फोटो नको. लोक नेहमी शेवटची 'एलडी रिटर्न्ड १' वाली ओळ पाठवतात, आणि तिच्यात काहीच नसतं. वरच्या ओळी कॉपी करून पाठवा, आणि त्यासोबत तुम्ही दिलेली आख्खी कमांड.