रुग्णालयाच्या संगणक-जाळ्याची विभागणी : का व कशी

अहवाल वर्षात संगणक-जाळ्यावर झालेला खर्च जमाखर्चाच्या पत्रकात एकाच ओळीत दिसतो. नवी खाट किंवा डायलिसिसचे यंत्र देणगीदारांना दाखविता येते. भिंतीआडच्या तारा दाखविता येत नाहीत. म्हणून त्या एका ओळीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी सकाळी नोंदणी खिडकीवरील संगणक अकस्मात ठप्प झाले. पाठोपाठ प्रयोगशाळा, औषध-विक्री केंद्र आणि हिशेब विभाग. बाह्यरुग्ण विभागाची रांग फाटकापर्यंत गेली, केसपेपर हाताने लिहावे लागले आणि रक्ताचे अहवाल घेऊन परिचारिका जिने चढत-उतरत राहिल्या. कारण दुपारी सापडले. टेबल हलविताना लोंबकळणारे तारेचे टोक कोणीतरी सद्हेतूनेच भिंतीतील सॉकेटमध्ये खोचले होते. एकाच तारेची दोन्ही टोके जाळ्यात गेली होती.

एवढ्याने सारे रुग्णालय का थांबावे? जाळ्यातील यंत्रे अधूनमधून 'अमुक पत्ता कोणाचा?' अशी सर्वांना उद्देशून हाक देतात व स्विच ती हाक आपल्या प्रत्येक तोंडाबाहेर पाठवितो. तारेचे वर्तुळ झाले की तीच हाक फिरून परत येते, पुन्हा पाठविली जाते आणि काही क्षणांत जाळ्यात दुसऱ्या कशासही जागा उरत नाही. आमचे जाळे वर्षानुवर्षे गरजेप्रमाणे एकास एक स्विच जोडीत वाढलेले असल्याने सर्व विभाग एकाच मोठ्या खोलीत बसल्यासारखे होते.

तारेचे वर्तुळ हे त्यातले साधे संकट. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या २३६ न्यासांपैकी किमान ८० न्यासांचे कामकाज विस्कळीत केले. विंडोज प्रणालीतील दुरुस्त न केलेल्या एका दोषातून तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप जात होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'वरही असाच हल्ला झाला व तेथील कामकाज सुमारे दोन आठवडे हाताने चालवावे लागले. जाळ्याची विभागणी योग्य नव्हती, हे त्याचे प्राथमिक कारण पुढे सरकारने संसदेत सांगितले. ते वाचून आमच्या विश्वस्त मंडळाने या खर्चावरील चर्चा लांबविली नाही.

संसर्गजन्य रुग्णास आपण वेगळ्या कक्षात ठेवतो, जाळ्याचेही तसेच. त्यासाठी प्रत्येक विभागास वेगळ्या तारा व वेगळे स्विच घ्यावे लागत नाहीत. व्यवस्थापनयोग्य स्विचमध्ये कोणते तोंड कोणत्या विभागाचे हे ठरवून देता येते. या सोयीस व्हीलॅन म्हणतात. नोंदणी व बिले, प्रयोगशाळा, क्ष-किरण व सोनोग्राफी, कार्यालय, सर्व्हर, सुरक्षा-कॅमेरे आणि नातेवाइकांसाठीचे वाय-फाय असे सात विभाग आम्ही केले. पत्त्यांतही तीच शिस्त ठेविली : नोंदणी विभाग क्रमांक १०, म्हणून तेथील सर्व पत्ते १९२.१६८.१० ने सुरू होतात, प्रयोगशाळेचे १९२.१६८.२० ने. अशा प्रत्येक गटात २५४ पत्ते मिळतात. आम्हांस त्याच्या निम्मेही लागत नाहीत; परंतु पत्ता पाहताच यंत्र कोणत्या विभागातले हे कळते, आणि रात्रपाळीत बिघाड शोधणाऱ्यास याचा फार उपयोग होतो.

खरा वेळ गेला तो भिंती घालण्यात नव्हे, दारे ठरविण्यात. कोणाला कोणाशी बोलावे लागते, हे प्रत्येक खिडकीवर बसून विचारावे लागले. प्रयोगशाळेतून सर्व्हरकडे अहवाल जावा, कार्यालयातील पगारपत्रकांकडे जाण्याचे काहीच कारण नाही. क्ष-किरण यंत्राच्या संगणकावरील प्रणाली जुनी आहे व उत्पादकाच्या संमतीविना ती बदलता येत नाही; म्हणून त्यास केवळ चित्रे साठविणाऱ्या सर्व्हरपर्यंतच वाट दिली, इंटरनेट मुळीच नाही. उलट पाहुण्यांच्या वाय-फायला इंटरनेटखेरीज काहीच नाही. दोन विभागांमधील ही ये-जा फायरवॉल तपासते व यादीत नसलेली प्रत्येक वाट बंद असते. तरीही पहिल्या दिवशी प्रयोगशाळेचे अहवाल छापले जाईनात : त्यांचा प्रिंटर नोंदणी खिडकीशेजारी असतो, हे सांगण्याचे कोणासही सुचले नव्हते!

तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर असल्याने मागील इमारतीपर्यंत ऑप्टिकल फायबर नेली. तिच्यातून वीज वाहत नसल्याने पावसाळ्यात विजेचा आघात तारेवाटे एका इमारतीतून दुसरीत जाण्याचे भयही टळले. नवे स्विच तारेचे वर्तुळ ओळखून ते तोंड स्वतःच बंद करतात. दिवाळीपूर्वीच्या स्वच्छतेत पुन्हा एक टोक चुकीच्या जागी गेले, तेव्हा कार्यालयातील एक संगणक तेवढा बंद पडला आणि नोंदणी खिडकीवर कोणाच्या लक्षातही आले नाही.

एक नवी अडचण मात्र आम्ही ओढवून घेतली आहे. विभागांमधील सर्व वाहतूक आता एकाच फायरवॉलमधून जाते. ती बंद पडल्यास सर्वच अडेल. तूर्त तिला स्वतंत्र यूपीएस दिला असून तिच्या मांडणीची प्रत जाळ्याबाहेर ठेविली आहे. दुसऱ्या फायरवॉलची तरतूद येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात केली आहे.