चूक कोणाची, हे न विचारता मिळणारी भरपाई

इचलकरंजीहून कोल्हापूरला कापडाच्या गाठी आणणारा टेंपो कोणाला धडकला की पहिला सवाल होतो, ‘चूक कोणाची?’ जखमीचीच चूक म्हटले की तो बिचारा गप्प बसतो. आम्हीही वर्षानुवर्षे हेच खरे मानत होतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक सिद्ध करावीच लागत नाही. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला ५ लाख आणि हाड मोडण्यासारख्या गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये ठरलेले आहेत. गाडीचा विमा नसेल तर हे पैसे मालकाच्या गल्ल्यातून जातात! अर्ज सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करावा. मालक स्वतः गाडी चालवताना झाडावर आदळला, तर मात्र हे कलम कामाचे नाही. त्याच्यासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळे घ्यावे लागते. तेही मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वापुरतेच.