ढगांखालचा समुद्र किती तापला?

देवनहळ्ळीच्या परिसरात बंगळूर ब्ल्यू द्राक्षांचे मळे आहेत. समुद्र तिथून अडीच-तीनशे किलोमीटर दूर. तरीही नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, की पाऊस या मळ्यांवर येऊन कोसळू शकतो. नाशिकच्या बागायतदारांना ही धास्ती वेगळी समजावायला नको. वादळाला बळ मिळतं ते तापलेल्या पाण्यातून, साधारण 26.5 अंश सेल्सिअसच्या खाली ते सहसा पोसलं जात नाही. म्हणूनच अर्ध्या अंशालाही इथे मोल आहे.

समुद्राचं हे तापमान उपग्रह मोजतात. त्यांपैकी बंगळूरमध्ये बांधलेला इन्सॅट-3डीएस फेब्रुवारी 2024 मध्ये अवकाशात गेला. 36 हजार किलोमीटरवरून तो पाण्यातून निघणारे अवरक्त किरण टिपतो, तेही 10.8 आणि 12 मायक्रॉनच्या दोन पट्ट्यांत. हवेतलं बाष्प दुसऱ्या पट्ट्यातले किरण जास्त शोषतं. दोन्ही नोंदींतल्या फरकावरून वाटेत किती ऊर्जा गळाली ते कळतं आणि तेवढी दुरुस्ती करता येते. आपल्याकडच्या दमट हवेत ही दुरुस्ती काही अंशांपर्यंत जाते, म्हणजे ज्या अर्ध्या अंशाचा प्रश्न आहे त्याहून मोठी! युरोपच्या सेंटिनेल-3 उपग्रहावरचा संवेदक पाण्याचा तोच तुकडा एकदा वरून आणि एकदा तिरका पाहतो. तिरक्या वाटेत हवेचा थर जाड लागतो, त्यामुळे हिशेब आणखी पक्का होतो. त्याची नजरही बारीक, 1 किलोमीटरची. इन्सॅटची 4 किलोमीटरची. पण इन्सॅट दर अर्ध्या तासाला तोच समुद्र पाहतो, त्यामुळे दुपारच्या उन्हात पाणी कसं तापत गेलं हे त्यालाच दिसतं.

कोकणातल्या मच्छीमारांना बारीक नजर हवी. गरम आणि थंड पाणी जिथे भिडतं तिथे मासळी जमते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा जागा तापमान आणि हरितद्रव्याच्या नोंदींवरून कळवते, मराठीतूनही.

मात्र अवरक्त किरण ढग भेदत नाहीत. पावसाळ्यात आणि वादळाच्या तोंडावर, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, हे संवेदक आंधळे होतात. तिथे सूक्ष्मलहरी कामाला येतात. जपानचा 2012 सालचा एएमएसआर-2 हा संवेदक 6.9 गिगाहर्ट्झवर ढगांखालचं पाणी वाचतो. मुसळधार पावसापुढे मात्र त्याचंही चालत नाही. अवरक्त किरण केसाच्या जाडीहून पातळ थराचं तापमान सांगतात, सूक्ष्मलहरी सुमारे मिलिमीटरभर खोलीचं. उणीव अशी की 2 मीटरचा अँटेना असूनही एएमएसआर-2 चा एक ठिपका 35 बाय 62 किलोमीटरचा. किनाऱ्याजवळ त्यात जमीन मिसळते आणि आकडा बिघडतो.

अवरक्त की सूक्ष्मलहरी, यातला चांगला संवेदक कोणता, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. दोन्ही लागतात आणि जहाजं व तरंगत्या बोयांच्या नोंदींशी ताडून ते एकत्र करावे लागतात. सलते ती गोष्ट वेगळी आहे. 1999 च्या ओशनसॅट-1 या उपग्रहावर आपला स्वतःचा 6.6 गिगाहर्ट्झचा सूक्ष्मलहरी संवेदक होता. 2022 च्या ओशनसॅट-3 वर तापमानासाठी आला तो पुन्हा अवरक्तच. ज्या देशाची शेती पावसाळी ढगांवर चालते, त्याने ढगांखालचा समुद्र पाहण्यासाठी मोठ्या अँटेनाचा स्वतःचा उपग्रह पाठवायलाच हवा.